होळीच्या पेंढ्यातली बंदूक

मित्रांनो, पळू नका, आत्ता माझ्यात काडतूस नाहीये! मी एक जुनी एकनळी बंदूक आहे. सध्या पोलीस ठाण्याच्या कपाटात असते. बोलायला कोणी नाही, म्हणून तुम्ही भेटलात तर एका दमात सगळं सांगून टाकते.

माझे मालक धर्माआबा, त्यांच्या वडिलांनी मला भाताच्या राखणीला घेतलं. तेव्हा आमच्या हाटकेश भागात नुसती शेतं होती, डोंगरातून रानडुकरं उतरायची. मी आकाशाकडे तोंड करून एकदा गरजले की अख्खा कळप पसार, आणि सकाळी गावभर माझंच कौतुक. मग शेतं गेली, टॉवर आले. पण माझं लायसन तर राखणीचं! भात नाही तर बंदूक कशाला, असं कोणी विचारू नये म्हणून आबा टॉवरमागच्या उरलेल्या तुकड्यात अजून भात लावतात. वरच्या मजल्यावरचे लोक फोटो काढतात.

त्याच तुकड्यावर डोळा ठेवून काही माणसं बाईकवरून यायला लागली. "चाचा, जमीन छोड दो, अभी प्यार से बोल रहे हैं." आबांनी तक्रार केली, ती कुठे गेली देव जाणे. तेव्हापासून मी त्यांच्या खाटेखाली, भरलेली.

आणि नेमकी निवडणूक लागली. निवडणुकीत लायसनवाल्यांनी बंदूक ठाण्यात जमा करायची असते. मागच्या वेळी मी गेले होते ना, तर आबांनी खेटे घालून घालून मला सोडवलं, तेही लाकडी दस्ता तडकलेला आणि नळीला गंज. त्यांचा विश्वासच उडाला. यंदा त्यांनी बायकोला, पार्वतीआजींना सांगितलं, जमा करून आलो. आणि मला गोणपाटात गुंडाळून पेंढ्याच्या भाऱ्यात खुपसलं. भरलेलीच!

होळीच्या दिवशी आबा दाढी करायला बाहेर गेले, आणि इकडे नात चांदणी तिच्या मैत्रिणीला, सलोनीला घेऊन होळीसाठी पेंढा मागायला हजर. आजींना वाटतंय, बंदूक घरात नाहीच. त्या म्हणाल्या, "न्या गो पोरींनो, सगला न्या."

दोघींनी माझाच भारा उचलला. माझी नळी चांदणीच्या पोटाकडे. मला ओरडावंसं वाटत होतं, पण माझं ओरडणं म्हणजे काय, तुम्हाला माहितीये.

"केवढा जड आहे हा," चांदणी म्हणाली.

"नाटकी, धर ना नीट. तुझी बाजू खाली जातेय," सलोनी म्हणाली.

मैदानात होळी रचलेली. मला बरोब्बर मध्ये कोंबलं. बायका नारळ घेऊन उभ्या, लहान पोरं पुढे, बंदोबस्ताला हवालदार सुचेता मॅडम. तेवढ्यात घरी भारा गेल्याचं कळून आबा धापा टाकत आले आणि मॅडमना बघून जागीच थिजले. गोणपाटाच्या भोकातून मला फक्त त्यांचे पाय दिसत होते. बोलले तर मी जाणार, लायसन जाणार, आणि ती माणसं परत आली तर हात रिकामे. नाही बोलले तर... चांदणी सगळ्यात पुढे उभी होती.

काडी पेटली. पाय हलेनात.

मग आवाज आला, अगदी हळू. "इजवा ती. त्यात माझी बंदूक हाय. भरलेली हाय."

मॅडमनी सगळ्यांना मागे सारलं, मला अलगद बाहेर काढलं, नळी जमिनीकडे धरून काडतूस काढलं.

"आबा, जमा का नाही केलीत?"

"परत दिली असती का?"

मॅडम काडतूस रुमालात गुंडाळू लागल्या. आजी मात्र चांदणीला पोटाशी धरून एवढंच म्हणाल्या, "मना तरी सांगाचा व्हता."

गुन्हा दाखल झाला. माझं पुढे काय होणार, मला नाही माहीत. ती बाईकवाली माणसं पुन्हा आली असतील का, या विचाराने जीव नुसता टांगणीला लागलाय.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू घरात असेल तर मोठ्यांना सांगा, रिकामी ठेवा, कुलपात ठेवा, घरच्यांपासून लपवू नका. आणि तुमच्यातलं कोणी मोठं होऊन ठाण्यातल्या कपाटाच्या किल्ल्या सांभाळणार असेल, तर लोकांची वस्तू वेळेवर आणि धड परत द्या. म्हाताऱ्या माणसाला तुमच्या कुलपापेक्षा पेंढा भरवशाचा वाटला, तर होळीपुढे उभं राहणारं पोर कोणाचंही असू शकतं.