चांगुणाबाईंचा खड्डा

गव्हाणहून मासळी घेऊन येणाऱ्या चांगुणाबाई माशाचा कल्ला उघडून नुसता हुंगायच्या. पनवेलच्या बाजारात त्यांच्या नाकापुढे कुणाचं काही चालत नसे. त्र्याण्णव सालच्या एका सकाळी त्यांनी भरल्या टोपलीतला एक मासा हुंगला, मग दुसरा, मग तिसरा.

"रॉकेलचा वास मारतोय. नाय इकायची," त्या म्हणाल्या आणि बाजारामागे स्वतःच खड्डा खणायला लागल्या.

"पुरताय कशाला? मांजरांना तरी घाला," मासळी घ्यायला आलेला मी म्हणालो.

त्या भडकल्याच. "मांजरांनी माजं काय घोडं मारलंय?"

धन्य ती बाई! माझी मान खाली गेली. आदल्या रात्री, मी कामाला होतो त्या कारखान्याचं तेलकट पाणी खाडीत सोडणारा व्हॉल्व्ह मीच उघडला होता. तेव्हा मला माणसंसुद्धा आठवली नव्हती.