अराबाआईच्या हाकेला ओ

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. माझ्यावर बसलेली माणसं थोडी, माझ्यापुढे गुडघे टेकलेली जास्त. घाना देशातल्या आनोमाबो गावात समुद्राकाठी मासे धुरावर सुकवून विकणारी मामे अराबा, म्हणजे अराबाआई, हिने मला सुताराकडून मुद्दाम करून घेतलं. नवरा समुद्रात बुडून गेलेला, पदरात तीन पोरं. "लाकूड असं घाल की माझी नातवंडंही याच्यावर कोपरं टेकतील," असं तिने सुताराला बजावलं होतं.

होड्या सुटायच्या आधी ती पोरांना अंथरुणातून ओढून काढी. तिघं माझ्यावर कोपरं टेकून गुडघ्यांवर बसत आणि मग मेथडिस्ट चर्चमधल्या बायांची, फान्टी भाषेतली देवाची गाणी सुरू होत. एकाने पहिली ओळ गाऊन हाक द्यायची, बाकीच्यांनी पुढची ओळ गाऊन ओ द्यायची. पुस्तक नाही, वही नाही. आणि हाक देणाऱ्याने आपणच ओ द्यायची नाही, कितीही वेळ लागो, थांबायचं. डुलकी आली की पाठीत धपाटा, ओ चुकली की न्याहारीचा मक्याचा गोळा, केंके, बंद. खोटं कशाला बोलू, मलाही पोरांची दया येई.

थोरला क्वामेना तोंडाचा फटकळ. "आई, एवढ्या पहाटे देव तरी उठलेला असतो का गं?"

"तो झोपतच नाही. तुझ्यासारखे आळशी सांभाळायचे म्हणजे झोपून कसं चालेल?"

मोठा होऊन क्वामेना राजधानीत, आक्राला गेला. चांगली नोकरी, छान बायको, दोन मुली. मामे अराबा म्हणाली, "सुट्टीत पोरींना माझ्याकडे पाठव. थोडं वळण लावते."

"नको, आई. माझे गुडघे सोलले तेवढे पुरे. माझ्या पोरींना तो जाच नको."

म्हातारीने त्याच दिवशी मला उचलून अंगणात ठेवलं. माझ्यावर माशांच्या टोपल्या आल्या, कोंबड्या आल्या. माझ्यापुढे कुणी गुडघे टेकेना. वाईट वाटायचं, फार वाईट वाटायचं.

मग मामे अराबाला झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. क्वामेना मुलींना घेऊन धावत आला. बसायला जागा पुरेना म्हणून मला पुसून तिच्या खाटेशी ठेवलं. ती सगळ्यांकडे टकाटका बघत होती. आणि एकाएकी, जिला 'पाणी' म्हणता येत नव्हतं, तिने गाण्याची हाक दिली! स्पष्ट, सुरात. मग थांबली. डोळे धाकट्या नातीवर, एफुआवर.

एफुआ गोंधळली. "बाबा, आजीला काय हवंय? डॉक्टरांना बोलावू का?"

म्हातारीने पुन्हा हाक दिली. पुन्हा थांबली. तेव्हा क्वामेनाचे गुडघे आपोआप वाकले, कोपरं माझ्यावर आली आणि इतक्या वर्षांनी ओ त्याच्या तोंडून बाहेर पडली, एक अक्षर न चुकता. तो गात होता आणि ढसाढसा रडत होता. म्हातारीने डाव्या हाताने त्याचं डोकं कुरवाळलं. नजर मात्र पोरींवरच होती. त्या एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या, ओ त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. त्यांचा काय दोष?

दोन दिवसांनी मामे अराबा गेली.

आता मी आक्राला क्वामेनाच्या घरी असतो. उजाडायच्या आधी तो माझ्यापुढे गुडघे टेकतो, आईची हाक देतो आणि थांबतो. पोरींच्या खोलीत पंखा फिरत असतो, ओ काही येत नाही. एकदा एफुआ दारात आली. मला वाटलं, आता बसेल बापाशेजारी. ती म्हणाली, "बाबा, जरा हळू हं, माझी परीक्षा आहे." क्वामेना तिला रागावणार तरी कोणत्या तोंडाने? तो मान खाली घालून तसाच थांबून राहिला.

मित्रांनो, ती ओ मला पाठ आहे. पण लाकडाला तोंड नसतं. तुम्हाला आहे. घरात हाक देणारं माणूस आहे तोवर शिकून घ्या, धपाटे खावे लागले तरी.