काळ्या कपड्यातलं माणूस

आमच्या बिनड्रायव्हरच्या बसला त्या दिवशी परवाना मिळायलाच हवा होता. वर्ल्ड कप तोंडावर आलेला, मेट्रो स्टेशनपासून स्टेडियमपर्यंत माणसं नेणाऱ्या गाड्यांत आमची गाडी लागणार होती. परवाना समितीची मंडळी बसमध्ये बसली होती. मी पुढे, लाल बटणाशी. बस चुकली तर हाताने थांबवायची, एवढंच माझं काम.

समितीच्या प्रमुख रुकैया मॅडम. काळा पायघोळ अबाया, जाड चष्मा, इंग्रजी अगदी टापटीप. नाव ऐकलं आणि मी ठरवून मोकळी झाले, की या बाईंना मराठीचा गंध नाही. इथे कतारला, दोहात इतकी वर्षं काढली तरी आम्हा पुणेकरांची ही खोड जात नाही. लिफ्टमध्ये, टॅक्सीत, दुकानात मराठीतून वाट्टेल ते बोलायचं, जणू बाकीचे बहिरे.

चाचणी झकास चालली होती. चाचणीसाठी ठेवलेले माणसाएवढे पुतळे रस्त्यात आडवे आले, बस थांबली. मंडळी माना डोलावत होती. तेवढ्यात माझे साहेब, शशिकांत सर, हवापाण्याची चौकशी करावी तसं हसत मराठीत म्हणाले, त्या काळ्या कपड्यांचं काय झालं?

मीही हसतच सांगितलं, "अंधारून आलं की काळ्या कपड्यातलं माणूस गाडीला अजून दिसत नाही, सर. उजेड आहे तोवर उरकून टाकू. बाईंना काय कळतंय!"

अहो, ज्या शहरात निम्म्या बायका काळ्या अबायात रस्ता ओलांडतात, तिथे मी हे बोलले. आणि वर हसले, निर्लज्जासारखी.

रुकैया मॅडमनी चहा मागवला, इकडचे तिकडचे प्रश्न काढून दिवस मावळू दिला. मग शेवटची एक फेरी हवी म्हणाल्या, खाली उतरल्या, पुतळा बाजूला करायला लावला आणि त्याच्या जागी स्वतः जाऊन उभ्या राहिल्या.

"कळतंय मला," त्या तिथूनच मराठीत म्हणाल्या. "माझं माहेर राजापूरचं. सोडा गाडी."

सर कानाशी कुजबुजले की यल्ला, चल, सोड, वेळ आलीच तर बटण आहे ना. मला त्यांची चीड आली, आणि त्याहून जास्त माझी. मी बस बंद केली आणि खाली उतरले.

"नाही सोडत, मॅडम. चुकलं माझं. माफ करा."

"माफी राहू दे. मघाशी मराठीत जे बोललीस, ते आता इंग्रजीत बोल. सगळ्यांसमोर."

मराठीत किती सहज निसटलं होतं ते! इंग्रजीत जीभच वळेना. शरमेने कान तापले, मान वर होईना. सर दारातून डोळे वटारत होते, समितीची मंडळी माझ्याकडे बघत होती. मी अडखळत अडखळत ते वाक्य पुरं करेपर्यंत रुकैया मॅडम बसच्या वाटेतून हलल्या नाहीत.