मोतीबाईच्या तळ्यावरचा अर्धा घोडा

मी मोतीबाईच्या तळ्यावरचा पंप बोलतोय. अर्ध्या घोड्याचा, म्हणजे अर्ध्या हॉर्सपॉवरचा. हसू नका, दहिवलीत बैलगाडीतून मला पहिल्यांदा उतरवलं तेव्हा अख्ख्या आळीनं हसून घेतलंच आहे. "अर्धा घोडा आणलास व्हय रं नागू? पुढचा अर्धा का मागचा?" असं कुणीतरी विचारलं आणि माझ्या मालकाचं, नागूचं, तोंड एवढंसं झालं.

माझा स्वभावच अस्वस्थ. चालू असलो की गरगर फिरतो आणि बंद असलो की आता कधी चालू करतील म्हणून तळमळतो. त्यात कान तिखट. मला बसवलंय परसात, काठ्यांच्या कुडाच्या कुंपणाला लागून. त्यामुळे या घरातलंही ऐकू येतं आणि शेजारच्या घरातलंही. दुसऱ्याचं ऐकू नये असं मला कुणी शिकवलं नाही, आणि शिकवलं असतं तरी जमलं असतं असं वाटत नाही.

माझा जन्म कोल्हापूरकडच्या एका ओतशाळेत झाला. वितळलेलं बीडाचं लोखंड काळ्या वाळूच्या साच्यात ओतलं, गार झाल्यावर ठोकून बाहेर काढलं, तो मी. पोटात पितळेचा पंखा बसवला, पाठीला मोटार जोडली आणि खोपोलीच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पाठवून दिलं. काम एकच. खालचं पाणी वरच्या टाकीत चढवायचं. हजारो माणसं माझ्या पाण्याचा चहा प्यायली, पण माझ्याकडे कुणी बघितलं नाही. पुढे तिथं मोठा पंप आला आणि मी भंगारात गेलो.

भंगारातून मला चांगोनं उचललं. खोपोलीच्या बाजारात त्याचं पंप-मोटारींचं दुकान होतं. त्यानं माझी वायंडिंग नवीन भरली, बेअरिंग बदलली, वर हिरव्या रंगाचा हात मारला आणि फळीवर बसवून टाकलं. दुकानात शिरणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला बघायचं आणि पुढं जायचं. आतून नुसता जीव तळमळत होता माझा.

अशात एके दिवशी नागू आणि त्याची बायको मोतीबाई आली. पंच्याहत्तर साल असेल, दसऱ्याला महिनाभर अवकाश होता. दोघं भांडतच दुकानात शिरली, म्हणून मला सगळी हकिगत बसल्याजागी समजली.

नागूनं घर बांधलं तेव्हा विटा परसातच पाडल्या होत्या. त्या विटांची माती मोतीबाईनं उपसली, पाटीपाटीनं, डोक्यावरून. घर उभं राहिलं आणि परसात मोठा खड्डा राहिला. पावसात तो भरला. बाईनं त्यात ओढ्यातले मळे नि खवले असले मासे आणून सोडले, कडेला कमळाचा एक कांदा लावला. पाऊसकाळात तळं छान दिसे. पाऊस सरला की पाणी जागच्या जागी कुजायचं, हिरवं व्हायचं आणि असा वास सुटायचा की शेजारची सोनुबाई नाकाला पदर लावून अंगण झाडायची. नागूला तो खड्डा बुजवून तिथं दोन खोल्या काढायच्या होत्या, कारखान्यातल्या माणसांना भाड्यानं द्यायला.

"घर तुमच्या नावाचं, माजी काय तक्रार नाय," मोतीबाई दुकानाच्या पायरीवरच म्हणाली. "पर खड्डा माजा. मी खणलाय."

"अगं पर वास?"

"पानी फिरतं ठेवलं की वास जातोय. कारखान्याच्या बागंत हौद हाय, तितं बघितलंय मी."

"बरं बाई. दिवाळीपतुर बघू. वास गेला तर तळं, नाय तर मुरूम."

असा करार झाला आणि दोघं फळीपुढं येऊन उभी राहिली. माझं काळीज, म्हणजे पंखाच, जागच्या जागी थरथरायला लागलं.

नागूची नजर सरळ दोन घोड्यांच्या पंपावर गेली. "ह्यो बग, सोंड कशी हाय! पार पिंपळावर पानी फेकंल."

"नागूशेट, आपल्याला पिंपळाला आंघोळ घालायची हाय का?" चांगो म्हणाला. "ह्यो भातखाचराचा. ह्यानं सकाळी तळं उपसाय घेतलं तर दुपारी मासं चुलीवर. तळ्याला उंच उडणारं पानी नको, दिवसभर हळूहळू फिरणारं पानी पायजे."

मग त्यानं पाण्याच्या पिंपावर एकेक पंप चालवून दाखवला. एक नवाकोरा होता, मुंबईहून आलेला, चांदीसारखा चकचकीत. नागूला तोही आवडला. मोतीबाईनं मात्र थोडा वेळ जाऊ दिला आणि पोराचा ताप बघावा तसा त्याच्या पाठीवर तळवा टेकला. झटकन मागं घेतला. "तवा हाय ह्यो. भाकरी भाजंल."

शेवटी माझी पाळी आली. तिचा तळवा माझ्या पाठीवर बराच वेळ होता. मी इतका शहाण्यासारखा कधीच चाललो नव्हतो.

"ह्याचं अंग कोमट हाय," ती म्हणाली. "दिसायला गबाळा हाय. पर बिघाडला तर सामान मिळंल?"

"कर्जतच्या बाजारातबी मिळंल. फकस्त कोरडा चालवू नका वयनी, जळंल."

पाणी स्वच्छ करणारी गाळणी मात्र दुकानात नव्हती. ती चांगोनं तोंडी सांगितली आणि बाईनं घरी येऊन केली. चौथऱ्यावर एक पिंप ठेवलं. तळाशी दगडगोटे, त्यावर तिच्याच भट्टीतल्या फुटक्या विटांचे तुकडे, त्यावर काथ्या, आणि सगळ्यात वर नदीची जाड वाळू. मी तळ्यातलं पाणी ओढून पिंपात वर टाकायचं, ते झिरपत खाली यायचं आणि खालच्या नळीनं परत तळ्यात पडायचं. "विटांवर बुळबुळ धरंल, ती घासू नका. तीच घाण खाते," असं चांगोनं बजावलं होतं.

सुरुवातीला काहीच झालं नाही. पाणी हिरवं ते हिरवंच. नागूनं दोन गाड्या मुरूम आणून परसाच्या कोपऱ्यात ओतूनही ठेवला. तो ढीग माझ्या बरोबर समोर. दिवसभर चालायचं आणि दिवसभर ढिगाकडं बघायचं! पण हळूहळू विटांनी बुळबुळ धरली. पाण्याचा रंग उतरला. दसरा झाला आणि एका सकाळी एका खवल्याची पाठ वरून स्वच्छ दिसली. सोनुबाईनं नाकाचा पदर काढला आणि कुडावरून म्हणाली, "मोते, मासा केवढा झालाय गं! कधी रांधतेस?"

"तुज्या नवऱ्याला रांध आधी," मोतीबाई म्हणाली, आणि दोघी खूप हसल्या.

अशात माहेरून, कोंडाण्याहून, निरोप आला. मोतीबाईची भावजय बाळंत झाली होती. जावंच लागणार होतं. नागूला तिनं माझ्यापुढं उभं केलं. "हे बटण. हे दाबलं की पिंपात पानी पडताना बगायचं. पडत नसंल तर बंद करायचं. बस."

ती गेली आणि दुसऱ्याच दिवशी लाईट गेली. लाईट परत आली तेव्हा घात झाला होता. माझ्या पाण्यातल्या नळाच्या टोकाला एक झडप असते, ती नळातलं पाणी खाली जाऊ देत नाही. तिचं चामडं झिजलं होतं. पाणी उतरून गेलं, पोटात नुसती हवा राहिली. मी रिकामा फिरायला लागलो. कोरडं फिरणं म्हणजे काय ते माणसांना कसं सांगू? घशात वाळू भरून ओरडत राहावं, तसं.

नागू खळ्यावर भात झोडत होता. माझा आवाज बदललेला त्याला तिथं ऐकू आला! हातातली पेंढी टाकून तो धावत आला आणि त्यानं बटण बंद केलं. ज्या माणसाला तळं नको होतं त्याचे कान माझ्याकडं लागलेले होते, हे मला त्या दिवशी समजलं.

त्यानं मला पाणी पाजलं. ते खाली गेलं. परत पाजलं, परत गेलं. बादल्यांवर बादल्या ओतून त्याचं धोतर भिजलं. "चल रं बाबा," तो माझ्यापुढं उकिडवा बसून म्हणाला, "ती यायच्या आत चल. माज्यावर टाकून गेलीया. तिला वाटंल मीच काय केलं."

आणि मग त्यानं त्याचा बाप शेतावर करायचा तेच केलं. गोठ्यातलं शेण पाण्यात कालवून माझ्या तोंडातून आत ओतलं. शेण झडपेच्या फटीत जाऊन बसतं, गळती थांबते, पंप पाणी धरतो. शेतावर ते चालतं, कारण पुढं ते शेण पिकालाच जातं. इथं पुढं पिकं नव्हती. इथं पुढं गाळणी होती.

मी पाणी धरलं. नागूनं टाळी वाजवली आणि खुशीत खळ्यावर परत गेला. मी मात्र आतून किंचाळत होतो. पहिल्याच दमात सगळा शेणकाला मी पिंपात फेकला होता. वाळू चोंदली, काथ्या चोंदला, पाणी पिंपावरून ओसंडून काळंच्या काळं तळ्यात पडायला लागलं. थांबायचं माझ्या हातात नसतं हो. बटण माणसाकडं.

सकाळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडझाप करत होते. काही उलटे झाले होते. सोनुबाईचा पदर परत नाकावर गेला. आणि तेवढ्यात डोक्यावर गाठोडं घेऊन मोतीबाई परसात आली.

तिनं तळं बघितलं. शेणानं माखलेली बादली बघितली. गाठोडं खाली ठेवलं.

"बुजवायचंच व्हतं तर माती टाकायची व्हती," ती नागूला म्हणाली. "शेण कशाला? जिवंत जीव हायेत ते."

नागू मानी माणूस. बायकोनं चोर ठरवल्यावर सफाई कोण देणार?

मोतीबाईनं घमेलं उचललं, मुरमाच्या ढिगापाशी गेली, भरलं आणि तळ्यात ओतलं. परत गेली. परत भरलं. जिनं पाटीपाटीनं खणलं तीच घमेल्याघमेल्यानं बुजवायला लागली. "तुमाला कष्ट नकोत. मीच बुजवते." डोळ्यांतून पाणी चाललेलं, पण हात थांबत नव्हता.

माझी काय अवस्था झाली असेल! सगळं बघितलेला मी. त्याचा शब्द न् शब्द माझ्या तोंडापुढं बोललेला. आणि मला येतं काय, तर घुं घुं.

पण देवानं शेजार दिलाय तो कशासाठी? कुडातली एक काठी मोडली, आणि त्या फटीतून सोनुबाई परसात.

"अगं थांब की बाय! त्यानं बुजवायला नाय टाकलं. पंप पानी धरंना म्हणून टाकलं. ती यायच्या आत चल, म्हणून पंपाच्या पाया पडत व्हता. धोतर भिजलं पार!"

"तुला काय ठावं?"

"मी बगत व्हते."

"कुठनं?"

"कुडातनं," सोनुबाई म्हणाली. "मग काय झालं? म्हशीच्या गोठ्यासारका वास सोडताय, तर आमी बगायचंबी नाय का?"

मोतीबाई भरलं घमेलं हातात धरून उभी राहिली. मग नागूकडं वळली. "मंग बोललात का नाय?"

"तू इचारलंस कुठं?" नागू म्हणाला. "तू सांगितलंस."

घमेलं तळ्यात रिकामं न करता मोतीबाईनं कडेला ठेवलं. सोनुबाईनं पदर खोचला. दोघींनी पिंप आडवं करून वाळू-काथ्या बाहेर काढला, विटांचे तुकडे नुसते तळ्याच्याच पाण्यात विसळले. नागूनं माझी वरची नळी पिंपातून काढली, तोंडावर अंगठा दाबला आणि पाण्याचा फवारा तळ्यावर उंच धरला, की पाण्यात वारा मिसळावा, माशांना दम घ्यायला मिळावा. भात खळ्यावर तसंच पडलेलं. तो ऊन उतरेपर्यंत तिथंच उभा होता, अंगठा पांढराफटक पडला तरी. मीही पळालो, जन्मात पळालो नाही तसा. काही मासे गेले. बरेच राहिले.

दिवाळी आली. खरं सांगायचं तर वास पुरता गेला नव्हता. पहिल्या आंघोळीच्या सकाळी मोतीबाई नागूला घेऊन तळ्यापाशी आली. शब्दाची पक्की बाई. "दिवाळी आली," ती म्हणाली. "वास हाय अजून."

नागूनं मोठा श्वास घेतला. ढिगाकडं बघितलं, तळ्याकडं बघितलं.

"मला सर्दी झालीया," तो म्हणाला आणि घरात गेला.

होळीच्या आत पाणी आरसपानी झालं. मुरूम अंगणात पसरला गेला.

त्याला आता दहा-अकरा वर्षं झाली. मी थकलोय. सील गळतं, पायाखाली कायम ओल. पहाटे सुरू होताना असा खरखरतो की नागू घरातूनच म्हणतो, "उठला म्हातारा." परवा दोघांचं बोलणं ऐकलं, या आठवड्यात चांगोकडं जाऊन नवा पंप बघायचा. बघा. बघायलाच हवा. मला वाईट वाटत नाही असं म्हणणार नाही, पण रुसणारा मी नाही.

एवढंच मागणं आहे. नवा आणाल तेव्हा मला आधी उपटून काढू नका. त्याला माझ्या शेजारी बसवा, नळी जोडा, पाणी पाजा. त्याचं पाणी पिंपात पडताना डोळ्यांनी बघा. तोवर मला चालू द्या, खरखरत का होईना. मग खुशाल माझं बटण बंद करा.