चाफ्याची टोकं

मास्तरांना वाकडंतिकडं काही खपत नसे. चाळीस वर्षं कपडे बेतण्यात गेलेली. रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या माणसाची बाही आखूड दिसली तरी त्यांचा जीव खालीवर होई. मग स्वतःच्या दुकानासमोरचा चाफा त्यांच्या हातून कसा सुटावा? थंडीत पानं गळून झाड उघडं पडलं की मास्तर शिडी लावत, गळ्यातला टेप फांद्यांना लावत, खडूने खुणा करत आणि करवतीने सगळी टोकं एका पातळीत आणत. झग्याचा घेर खालून सारखा करावा तसा. मग रस्ता ओलांडून पलीकडून एक डोळा बारीक करून बघत आणि म्हणत, "हं! आता कसं माणसात आलं!"

माणसात आलेलं हे झाड नऊ वर्षांत एकदाही धड फुललं नव्हतं.

थंडी सरली की आजूबाजूच्या अंगणांत नुसता धुमाकूळ चाले. एकाचा कांचन बहरलेला, दुसऱ्याची बोगनवेल भिंतीवरून रस्त्यात उतरलेली. मास्तरांच्या चाफ्याला तेवढी पानं येत, तीही शिस्तीत. गिऱ्हाइकं विचारत, "मास्तर, हे झाड कशाचं हो?" मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबत. शेवटी त्यांनी जाहीर करून टाकलं, की रोपच भिकार निघालं, येत्या वसंतात उपटायचं आणि तिथे काचेचं कपाट लावून त्यात तयार कपडे मांडायचे.

रोप लावलं होतं थोरलीने. थोरली म्हणजे मास्तरांची मुलगी. वय अडतीस, त्यातली एकोणीस वर्षं याच दुकानात गेलेली. काजं, बटणं, तुरपाई, अस्तर, इस्त्री, सगळं तिचं. फक्त कात्री तिची नाही. कापायच्या टेबलाला हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. धाकट्या भावाला सतराव्या वर्षी कात्री मिळाली, त्याने तीन पॅन्टींचा सत्यानाश केला आणि कचेरीतली नोकरी धरली. तरी मास्तर म्हणत, "त्याच्या हातात कला होती." थोरली खाली मान घालून काजं करत राहिली. पण मान खाली असली तरी माणसाचे डोळे काही मिटलेले नसतात.

गेल्या वसंतात तिने एक गोष्ट पाहिली होती. पाण्याच्या टाकीच्या पत्र्यावर झुकलेली एक फांदी शिडीवरूनही मास्तरांच्या हाताला येत नसे. सगळ्या झाडावर तेवढ्याच एका फांदीच्या टोकाला पाच पांढरी फुलं आली होती. फक्त तिथे. थोरलीने ती बघितली, करवतीने सपाट झालेली बाकीची टोकं बघितली आणि तिला सगळा उलगडा झाला. नऊ वर्षं! फुलं जिथे यायची, नेमकं तेच दरवर्षी कापून टाकायचं आणि वर झाडालाच नावं ठेवायची!

म्हणून यंदा थंडी पडली, चाफा उघडा झाला आणि मास्तर शिडी घेऊन निघाले तेव्हा थोरली शिडीच्या पहिल्या पायरीवर बसली.

"ऊठ," मास्तर म्हणाले.

"नाही उठत. अप्पा, फूल टोकाला येतं आणि टोक तुम्ही ठेवत नाही. कापायचंच तर फुलं होऊन गेल्यावर कापायचं. आत्ता कापलं की यंदाचंही गेलं."

"तू मला कापणं शिकवणार?"

"हो."

दारात बटणं निवडत बसलेल्या आत्याने, म्हणजे मास्तरांच्या थोरल्या बहिणीने, हातातली डबी खाली ठेवली. ऐंशीच्या पुढे गेलेल्या आत्याला कामाचं कमी ऐकू यायचं आणि भांडणाचं सगळं.

"आणि नाही फुललं तर?" मास्तरांनी विचारलं.

"तर झाड उपटा. मी जन्मभर काजंबटणं करीन, कात्रीबद्दल तोंडातून ब्र काढणार नाही. पण फुललं तर टेबलावर मी उभी राहणार. पहिलं जे कापड येईल ते मी कापणार."

"लागली पैज," मास्तरांच्या आधी आत्याच म्हणाली. "मी साक्षीला. मरत नाही तोवर."

पैज लावणं सोपं, निभावणं कठीण. पुढचे दोन महिने चाफा म्हणजे मूर्तिमंत अव्यवस्था होता. एक फांदी उंच, एक बुटकी, एक सरळ रस्त्यावर आलेली. कोट शिवायला आलेले वकील म्हणाले, "मास्तर, झाडाची हजामत राहिली की काय?" मास्तर मोठ्याने म्हणाले, "आमच्याकडे नवे मास्तर आलेत. त्यांना विचारा." दुकानभर हशा पिकला. थोरलीने दोरा दाताने तोडला आणि पुढचं काज घेतलं. वरून ती थंड होती, आतून मात्र पाचावर धारण बसली होती. पाच फुलं म्हणजे काय पुरावा? एखादी फांदी लहरीनेही फुलत असेल. सकाळी दुकान उघडायच्या आधी ती झाडाखाली उभी राहून टोकं बघे. टोकं म्हणजे करड्या, मुक्या गाठी. त्या कसला थांगपत्ता लागू देतील!

एका दुपारी ती अस्तराचं कापड आणायला बाजारात गेली. परत येते तो मास्तर शिडीवर. हातात करवत, कानावर खडू. रस्त्याकडच्या सहा फांद्यांची टोकं जमिनीवर पडलेली, त्यांतून पांढरा चीक ठिबकत होता.

"जरा साफ करत होतो," मास्तर म्हणाले. "रस्त्यावरून फार वाईट दिसतं."

थोरलीच्या हातातली पिशवी गळून पडली. आयुष्यात ती बापावर ओरडली नव्हती. आताही ओरडली नाही. आवाज चढला असता तर बरं, इतका तो खाली होता.

"उतरा."

"अगं, दोनच राहिल्यात..."

"अप्पा, खाली उतरा. नाहीतर तुम्हाला वर ठेवून मी शिडी काढून घेईन."

मास्तर उतरले. चाळीस वर्षांत अर्धवट कापलेलं त्यांनी कधी सोडलं नव्हतं. थोरलीने करवत घेतली आणि आपल्या खाटेखाली टाकली. आता झाड अर्धं त्यांच्या मापाचं होतं आणि अर्धं कुणाच्याच मापाचं नव्हतं.

मग हवा बदलली. एका सकाळी अंगणाकडच्या फांदीवरची गाठ फुगलेली दिसली. चार दिवसांत तिथे कळ्यांचा झुबका उभा राहिला, मग शेजारी दुसरा, मग मोजदाद सुटली. पंधरा दिवसांत अंगणाकडची सगळी बाजू पांढऱ्या फुलांनी भरून गेली. पान एक नाही, नुसती फुलं. रस्त्याकडच्या सहा फांद्या मात्र ठणठणीत कोरड्या. मास्तरांची करवत जिथे थांबली, बरोबर तिथून बहर सुरू होत होता. इतकी सरळ रेघ मास्तरांनाही खडूने मारता आली नसती.

रस्त्यातून जाणारा माणूस थांबे, झाडाकडे बघे आणि विचारी, "मास्तर, हे अर्धंच का फुललंय?"

"हवा," मास्तर म्हणत. "यंदा हवा चांगली आहे."

तिसऱ्यांदा "हवा" ऐकलं तेव्हा थोरली सुई खाली ठेवून उठली.

"हवा नाही, अप्पा. मी."

दुकानात कोटाचं कापड घेऊन वकील आलेले होते. मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, मग झाडाकडे. हार मानणं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. पडले तरी नाक वर.

"अर्धंच फुललंय," ते म्हणाले. "पैजही अर्धीच जिंकलीस."

"कबूल," थोरली म्हणाली. "फुललेली बाजू माझी. बोडकी तुमची. वकीलसाहेबच सांगू देत, कोट कोणत्या बाजूच्या हातचा हवा."

वकिलांना उभ्या हयातीत कुणी इतका अवघड सवाल केला नसावा. ते आपल्या कापडाची घडी पुन्हा घालू लागले. आत्या मात्र पोट धरून हसली आणि म्हणाली, "अरे, मुकाट्याने बाजूला हो. मी साक्षीला आहे, अजून मेले नाही."

मास्तर टेबलापासून दोन पावलं मागे सरले. थोरलीने कोटाचं कापड पसरलं, माप वाचलं, खडूने रेघ ओढली आणि कात्री उचलली. कात्री तिला वाटली होती त्याहून जड होती. तिने बोटं कड्यांत नीट बसवली आणि पातं रेघेला लावलं.

"जरा हळू," मागून मास्तर म्हणाले.

"हळू एकोणीस वर्षं झालं," ती म्हणाली आणि तिने पहिला काप घेतला.