बाहीचं बटण

खुर्च्या मढवणाऱ्या त्या कारागिराला सगळे उस्ताद म्हणत. जन्मभर दोऱ्या ताणून त्यांच्या बोटांतली जाणीव गेली, पाठोपाठ दुकान बसलं, आणि दिवाळखोरीचा अर्ज करायला बायको त्यांना एका वकिलाकडे घेऊन गेली. वकिलाने काम चोख केलं. दुकान गेलं, पण शिवणयंत्र आणि हत्यारं घरात राहिली. आता उरला होता अपंगत्वाच्या भत्त्याचा दावा. तो मंजूर झाला तरच घर चालणार होतं.

उस्तादांचं खरं दुखणं मात्र निराळंच होतं. घरात ‘हं’ आणि ‘बरं’वर दिवस काढणारी बायको त्या वकिलासमोर घडाघडा बोलायची. तो तिला वहिनी म्हणायचा. त्यात वावगं काही नव्हतं, पण इतक्या मऊ आवाजात म्हणायचं कारण काय? त्याच्या फाटक्या खुर्चीकडे बघत उस्ताद मनात म्हणायचे, बूड टेकायची जागा धड नाही आणि मोठा वकील.

घरात काय काय जमत नाही, असं त्याने एकदा विचारलं. उस्तादांनी छाती पुढे काढून सांगितलं, सगळं जमतं. सुनावणीत असं बोललात तर दावा तिथेच संपला, असं वकिलाने समजावलं. उस्तादांनी ओठ मिटले. कामात बारीक खिळे ओठांत धरायची सवय, त्यामुळे राग आला की तोंड तसंच बंद व्हायचं.

बाहेर पडल्यावर ते उघडलं. “एवढं मोकळं बोलायचं असेल तर तिथेच राहा की.”

“नको बाई,” बायको म्हणाली. “ते शिंकायच्या आधीसुद्धा कलम बघतात.”

उस्तादांना हसू आलं नाही.

सुनावणीला अधिकारी बाईंनी विचारलं, कपडे स्वतः घालता का? शेजारी वकील कडक इस्त्रीत बसला होता. उस्ताद हो म्हणाले. वकिलाने डोळे मिटले.

मग बाहीचं बटण काढून पुन्हा लावून दाखवा, असं बाई म्हणाल्या.

बोटं बटणावरून नुसतीच घसरत राहिली. बायकोचा हात पुढे आला आणि थांबला. मदत करायची नाही, असं वकिलाने तिला बजावलं होतं. ती त्याचं ऐकते, हे बघून उस्तादांच्या अंगाची आग झाली. त्यांनी बाही तोंडाशी नेली आणि दातांनी ओढली. दोरा तुटला. बटण ओठांत राहिलं, अगदी खिळ्यासारखं.

“रोज कोण लावतं?” बाईंनी शांतपणे विचारलं.

उस्तादांनी वकिलाकडे पाहिलं. तो मुद्दाम कागदांत डोकं घालून बसला होता. बायको फक्त त्यांच्या मनगटाकडे बघत होती, आणि मांडीवर तिची बोटं हवेतच बटण लावत होती.

त्यांनी बटण तळहातावर काढलं.

“ही लावते,” ते म्हणाले. “जेवताना चमचाही हीच धरते. मला काही जमत नाही.”

दावा मंजूर झाला. वहिनी, अभिनंदन, असं वकील त्याच मऊ आवाजात म्हणाला.

“साहेब, तुमची ती खुर्ची पाठवून द्या,” उस्ताद म्हणाले. “मी सांगेन तशी ही मढवेल. पण ती झाली की कळवायला मीच येईन. ही नाही.”