सोफ्याखालची जाळी

बूट दाराशीच काढा, शेगडीजवळ सरका आणि ऐका. पारास्काबाईच्या घर उबवणाऱ्या भट्टीची गोष्ट सांगतो. लांबण नाही लावत.

तर ओरेस्त तिच्या तळघरात गुडघे टेकून भट्टीचं झाकण उघडत होता, आणि पारास्का जिन्यावरून हुकूम सोडत होती. दोघं शेजारी, दोघं सत्तरीपार, दोघं एकेकटे. मधे फक्त बर्फानं भरलेला रस्ता. गावभरच्या भट्ट्या दुरुस्त करणारा हा बाबा स्वतःच्या घरी मात्र लाकडाची शेगडी जाळायचा. सकाळी उठून पेटवली तर धूर, नाही तर नाही.

बाहेर उणे पस्तीस. भट्टीत आग पेटायची, पंखा घोंघावायचा, घर जरा उबेला यायचं की आग फटकन बंद. पंखा आपला चालूच.

"तो लिमिटचा स्विच काढ नि दोन तारा बांधून टाक एकमेकींना," पारास्का म्हणाली. "रविवारी लेक येतेय, लारिसा. भट्टी परत गारठलेली दिसली, तर आईचं बोचकं बांधून शहरात, रेजायनाला नेणार म्हणालीय. नवव्या मजल्यावर!"

"तारा बांधल्यास तर नवव्या काय, थेट वरच्या मजल्यावर जाशील."

"मेल्या, तोंड सांभाळ."

"अगं, तो स्विच म्हणजे राखणीचं कुत्रं. भट्टी फार तापली की भुंकतं नि आग तोडतं. कुत्र्याला मारायचं, का चोर शोधायचा?"

फिल्टर काढून त्यानं उजेडात धरला, स्वच्छ. पंख्याचा पट्टा दाबून पाहिला, घट्ट. स्विचचं टोक पुसलं, परत बसवलं. खोल्याखोल्यांत गरम हवेची तोंडं उघडीच होती. हवा अडल्याशिवाय भट्टी एवढी तापत नाही. मग अडतेय कुठं?

हरून तो वर आला, सोफ्यावर टेकला. पारास्कानं बीटच्या सूपचा वाडगा हातात दिला. तेवढ्यात खाली पंखा सुरू झाला आणि सोफ्याची झालर सुर्रकन आत ओढली गेली.

ओरेस्तनं वाकून पाहिलं. सोफ्याखाली जमिनीतली जाळी. खोलीतली गार हवा तिच्यातूनच परत भट्टीत जायची.

"बाई, भट्टीच्या नाकावर बसलीयस तू! सोफा तर त्या भिंतीला होता. इथं कुणी ओढला?"

"मीच. हिवाळा सुरू झाला तेव्हा."

"कशाला?"

पारास्का एप्रनला हात पुसत राहिली. हात कोरडेच होते.

"सूप निवतंय तुझं."

त्यानं चमचा उचलला, आणि नजर समोरच्या खिडकीबाहेर गेली. रस्त्यापलीकडं त्याचंच घर. धुराड्यातून धूर सरळ वर चढत होता. तिथं बसून दुसरं काही दिसतच नव्हतं.

ओरेस्तनं सूप संपवलं, पावानं वाडगा पुसला. घरी गेला आणि लाकडाचे चार ठोकळे घेऊन आला. सोफा हलवला नाही. नुसता उचलला.

रविवारी लारिसानं विचारलं, "आई, सोफा असा घोड्यावर का बसवलाय?"

"खालून झाडायला बरं पडतं."

भट्टी दिवसभर सुखानं घोरत होती. पारास्काचे पाय तेवढे अधांतरी राहिले, तर दुसऱ्या दिवशी ओरेस्तनं पायाखाली घ्यायला पाटही करून आणला.

आता तुम्ही त्याच रस्त्यानं निघालाय म्हणून सांगतो. सकाळच्या वेळी एखाद्या धुराड्यावर धूर दिसला नाही, तर बाबांनो, गाडी थांबवा नि दार तेवढं वाजवा.